समुद्र दुभंगला तो नेमका कुठे? इस्राएल लोकांच्या वाटेबद्दल नेहमी येणारे प्रश्न

बायबलच्या निर्गम या पुस्तकात मोशे इस्राएल लोकांना गुलामीतून सोडवून मिसरातून म्हणजे इजिप्तमधून बाहेर काढतो, फारो म्हणजे तिथला राजा रथ घेऊन मागे लागतो आणि समुद्र दुभंगून वाट देतो. त्या चौदाव्या अध्यायाचा विषय निघाला की हेच प्रश्न फिरून फिरून येतात, कधी चर्चच्या ग्रुपवरून, कधी इतिहासवाल्या मित्रांकडून, आणि दर काही महिन्यांनी तो रथाच्या चाकांचा फॉरवर्ड तर ठरलेलाच. म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतोय. समुद्र दुभंगला तो चमत्कार होता की नाही यावर इथे वाद नाही, फक्त जागा.

१. बायबल स्वतः जागेबद्दल काय सांगतं?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच काही. निर्गम १२ ते १४ आणि गणना ३३ शेजारी ठेवून वाचा. रामसेसहून निघाले, सुक्कोथला आले, तिथून रानाच्या कडेला असलेल्या एथामला. मग १४:२ मध्ये एकदम हुकूम येतो की मागे वळा आणि पी-हहीरोथसमोर, मिग्दोल आणि समुद्र यांच्या मधे, बाल-सफोनच्या समोर तळ द्या. त्याआधी १३:१७ मध्ये सांगून टाकलंय की पलिष्ट्यांच्या देशातली, म्हणजे उत्तरेकडची भूमध्य समुद्राच्या काठाची वाट जवळची असूनही देवाने त्यांना तिकडून नेलं नाही. आणि १४:२१ मध्ये रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा. म्हणजे तीन ठिकाणांची नावं, एक टाळलेली वाट, एक उलटं वळण आणि वाऱ्याची दिशा. यातलं सगळं जिथे बसेल ती जागा. आपण मात्र 'समुद्र' एवढा एकच शब्द धरून नकाशावर सगळ्यात मोठं निळं दिसतं तिकडे बोट ठेवतो.

२. मराठी बायबलमध्ये सरळ 'तांबडा समुद्र' लिहिलंय, मग वाद कसला?

हिब्रूत, म्हणजे बायबलच्या मूळ भाषेत, तिथे याम सूफ आहे. याम म्हणजे समुद्र. सूफ म्हणजे लव्हाळी, बाळ मोशेची पेटी ज्या लव्हाळ्यात ठेवली होती (निर्गम २:३) तोच शब्द. हिब्रूचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा त्याचं 'एरिथ्रा थलासा' म्हणजे तांबडा समुद्र केलं गेलं आणि तेच पुढे सगळ्या भाषांत उतरलं. गंमत अशी की ग्रीक लोक हे नाव आजच्या रेड सीपुरतं वापरतच नव्हते, अरबी समुद्र, इराणचं आखात सगळं त्यात यायचं. पेरिप्लस नावाची इसवी सनाच्या पहिल्या शतकातली जी व्यापारी माहितीपुस्तिका आहे तिच्यात सोपारा, कल्याण, चौल ही आपली बंदरंसुद्धा याच तांबड्या समुद्राच्या हिशेबात येतात!

पण म्हणून 'लव्हाळ्याचा समुद्र म्हणजे तळंच, विषय संपला' असंही नाही. १ राजे ९:२६ मध्ये शलमोन राजाची जहाजं एस्योन-गेबेरला बांधली ती याम सूफच्या काठी, आणि ते तर सरळ अकाबाचं आखात आहे. तात्पर्य, एकट्या नावावर निकाल लागत नाही, दोन्ही पक्षांनी कितीही ताणलं तरी.

३. निघाले कुठून? रामसेस आणि सुक्कोथ आज कुठे आहेत?

यावर बऱ्यापैकी एकमत आहे. रामसेस म्हणजे पी-रामसेस, फारो रामसेस दुसऱ्याची राजधानी, नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व भागातलं आजचं कंतीर गाव. त्याला लागूनच तेल एद-दबा, म्हणजे त्याआधी इजिप्तवर राज्य केलेल्या परक्या हिक्सोस राजांची राजधानी अवारिस, जिथे मान्फ्रेड बीटाक यांच्या ऑस्ट्रियन टीमने १९६६ पासून खोदकाम केलं. आधी बरीच वर्षं तानिस हेच रामसेस असं मानलं जायचं कारण तिथे रामसेस दुसऱ्याच्या नावाचे ढीगभर दगड सापडले. नंतर कळलं की नाईलचा पेलुसियाक फाटा गाळाने भरला, शहर ओस पडलं आणि पुढच्या राजांनी तिथले दगड, पुतळे उचलून तानिसला नेले. त्यामुळे जुन्या नकाशांत सुरुवातच चुकलेली असते, ते वापरू नका.

सुक्कोथ म्हणजे इजिप्शियन कागदपत्रांतलं त्जेकू, वादी तुमिलात नावाच्या पूर्व-पश्चिम खोऱ्यात. तेल अल-मस्खुता की तेल अर-रताबा यावर घासाघीस चालू असते पण ती काही किलोमीटरांची. थोडक्यात मंडळी पूर्वेकडे, आज जिथे सुएझ कालवा आहे त्या पट्ट्याकडे चाललीयत.

४. किती जागा शर्यतीत आहेत? एकदा यादी द्या ना

उत्तरेकडून खाली येऊ. भूमध्य समुद्राच्या काठचं बार्डाविल सरोवर (प्र. ११), मंझाला म्हणजे जुनं तानिसचं सरोवर (प्र. ८), बल्लाहची तळी (प्र. ६), इस्माइलियाजवळचं तिमसाह, मग बिटर लेक्स (प्र. ७), मग सुएझच्या आखाताचं टोक (प्र. ५). हे सगळं कालव्याच्या पट्ट्यात किंवा त्याला लागून. आणि सिनाय द्वीपकल्प ओलांडून पार पलीकडे अकाबाचं आखात, त्यात पुन्हा तीन जागा: वरचं टोक, नुवेबा आणि तिरानची सामुद्रधुनी (प्र. ९ आणि १०). तिमसाहचा वेगळा प्रश्न घेतलेला नाही, त्याच्या बाजूचे आणि विरोधातले मुद्दे बल्लाह आणि बिटर लेक्समध्येच येऊन जातात.

५. टूरवर गाइडने सुएझजवळ बस थांबवून 'हीच ती जागा' म्हणून सांगितलं. ते खोटं का?

खोटं नाही, जुनी परंपरा आहे. चौथ्या शतकात एगेरिया नावाची ख्रिस्ती यात्रेकरू बाई तिकडे गेली होती, तिलाही आजच्या सुएझजवळच्या क्लिस्माकडचीच जागा दाखवली होती. क्लिस्माचंच अरबीत कुल्झुम झालं आणि तांबड्या समुद्राला अरब भूगोलकार बहर अल-कुल्झुम म्हणायला लागले. आखाताच्या पूर्वेला ऐन मुसा, मोशेचे झरे, आजही दाखवतात.

या जागेचं खरं बळ म्हणजे भरती-ओहोटी. ओहोटीला इथला काही भाग चालत ओलांडता यायचा. डिसेंबर १७९८ मध्ये नेपोलियन ऐन मुसा बघून परत येताना भरतीत सापडला आणि अंधारात जेमतेम वाचला. हा किस्सा मला फार आवडतो पण तो पुरावा नाही, कारण ओहोटी रोजच्या रोज होते आणि तिथल्या सैन्याला ती माहीत नसेल हे पटत नाही. शिवाय परंपरा चौथ्या शतकातली, घटनेनंतर दीड हजार वर्षांहून जास्त, आणि यात्रेकरूंना जागा दाखवायला नेहमी रस्त्यावरचीच सोयीची पडते.

६. ते सोडा, तुमचं मत काय?

कालव्याच्या पट्ट्यातली तळी, आणि त्यातही बल्लाहचा भाग. कारणं जरा सविस्तर देतो कारण हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि फॉरवर्डमध्ये याबद्दल कोणी काही लिहीत नाही.

पहिलं म्हणजे अनास्तासी पपायरस, पपायरसच्या कागदावर लिहिलेली प्राचीन इजिप्शियन कागदपत्रं. तिसऱ्या क्रमांकाच्या पपायरसमध्ये एक लेखनिक पी-रामसेस शहराचं तोंड भरून कौतुक करतो आणि सांगतो की पा-त्जूफी इथून पपायरसचं गवत येतं आणि शी-होर इथून लव्हाळी. त्जूफी आणि सूफ हे एकच असं बहुतेक अभ्यासक धरतात. म्हणजे राजधानीच्या आसपासच दलदलीचा, लव्हाळ्याचा भाग होता आणि त्याला तेच नाव होतं.

दुसरं, पाचव्या क्रमांकाचा पपायरस, हा तर वाचून थक्क व्हायला होतं. इ.स.पू. तेराव्या शतकाच्या शेवटाकडचं एका अधिकाऱ्याचं पत्र आहे. राजवाड्यातून दोन गुलाम पळालेत, हा त्यांच्या मागावर निघाला, त्जेकूच्या तटबंदीशी पोचला, तिथे कळलं की ते पुढे गेले, आणि मग बातमी आली की ते सेतीच्या मिग्दोलच्या उत्तरेकडची भिंत ओलांडून गेले. राजवाडा, सुक्कोथ, मिग्दोल! निर्गममधलाच क्रम, आणि पळणारे गुलाम आणि पाठलागसुद्धा. हे दोघे काही इस्राएल नव्हेत, पण इजिप्तमधून पळायचं तर वाट कुठून जायची हे यातून लख्ख दिसतं.

तिसरं, कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर फारो सेती पहिल्याच्या स्वारीचं शिल्प आहे. त्यात सरहद्दीवरचा त्जारूचा किल्ला, समोर दोन्ही काठांना लव्हाळी असलेलं पाणी, त्यात मगरी, आणि त्याच रस्त्यावर पुढे मिग्दोल. त्जारू म्हणजे आजचं तेल हेबुआ, कंतारा गावाच्या पूर्वेला, इजिप्शियन पुरातत्त्व खात्याने ते खणून काढलंय. जवळच तेल अल-बोर्ग इथे जेम्स हॉफमायर यांनी त्याच काळातले किल्ले खणले, आणि बल्लाहच्या बाजूने सगळ्यात नीट मांडणी त्यांचीच आहे. याच पट्ट्यात १९७० च्या दशकात इस्रायली भूशास्त्रज्ञांना एका जुन्या कालव्याच्या खुणा दिसल्या, जमिनीच्या पातळीवर साधारण ७० मीटर रुंद. म्हणजे तळी, दलदल, कालवा, किल्ले अशी सलग सरहद्द होती. अशा ठिकाणी पुढे पाणी, मागे रथ, बाजूला किल्ला, खरोखर कोंडीच.

बाल-सफोनसाठीही एक धागा आहे (हे मुळात एका देवाचं नाव, त्यावरून ठिकाणाला पडलेलं). सक्काऱ्याला सापडलेल्या एका फिनिशियन पत्रात 'बाल-सफोन आणि तहपन्हेसचे सगळे देव' असा उल्लेख येतो, आणि तहपन्हेस म्हणजे तेल देफेन्ने, बल्लाहपासून फार लांब नाही. पत्र मात्र बऱ्याच नंतरचं, इ.स.पू. सहाव्या शतकातलं.

कमकुवत बाजूही सांगतो. हा भाग त्या टाळायच्या पलिष्ट्यांच्या रस्त्याच्या अगदी जवळ येतो. हॉफमायर वगैरे लोक १४:२ मधल्या 'मागे वळा'वर बोट ठेवून सांगतात की आधी दक्षिण-पूर्वेला गेले आणि मग उत्तरेला वळले, म्हणून फारोला वाटलं हे भरकटलेत. मला ते पटतं, पण ज्यांना पटत नाही त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही.

७. बिटर लेक्स तर कालवा खणताना भरले, आधी तिथे पाणीच नव्हतं असं वाचलं

अर्धं बरोबर. १८६९ ला कालवा सुरू झाला त्याआधी तिथे कोरडा खोलगट भाग आणि मिठाचा जाड थर होता. पण मीठ साचलं म्हणजे कधीतरी पाणी होतंच ना. आणि जुना ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहून गेलाय की ही तळी आधी कडू होती, नाईलचं पाणी कालव्याने आणल्यावर गोडी झाली आणि त्याच्या काळात तिथे मासे आणि पाणपक्षी भरपूर होते. त्यामुळे पाणी नव्हतं म्हणून ही जागा बाद, असं करता येत नाही. माझ्या यादीत ही दुसऱ्या नंबरवर, कारण वादी तुमिलातमधून सरळ पूर्वेला गेलं की हीच आडवी येतात.

(२०२१ ला कालव्यात अडकलेलं ते एव्हर गिव्हन जहाज, ज्यावर सगळे खलाशी भारतीय होते, सुटल्यावर भरपाईच्या भांडणात जुलैपर्यंत याच ग्रेट बिटर लेकमध्ये नांगरून ठेवलं होतं. तेव्हा टीव्हीवर दिसत होतं तेच हे पाणी.)

८. वाऱ्याने पाणी खरंच बाजूला होतं का? का नुसती थिअरी?

होतं, परातीतल्या पाण्यावर एका बाजूने फुंकर घातली की तळ उघडा पडतो तसं, फक्त पाणी उथळ हवं आणि वारा तासन्‌तास एकाच दिशेने हवा. अलेक्झांडर टुलॉक नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८२ मध्ये मंझाला सरोवरावर हे डोळ्यांनी बघितलं, पूर्वेच्या वादळी वाऱ्याने पाणी दिसेनासं होईपर्यंत मागे गेलं आणि होड्या चिखलात बसल्या.

नंतर गणितं झाली. १९९२ मध्ये नोफ आणि पाल्डोर या संशोधकांनी सुएझच्या आखातासाठी मांडलं की सेकंदाला २० मीटर वेगाचा वारा दहा-बारा तास वाहिला तर पाणी किलोमीटरभर मागे हटू शकतं. २०१० मध्ये कार्ल ड्र्यूज आणि वेइचिंग हान यांनी प्लॉस वन या विज्ञानपत्रिकेमध्ये तानिसच्या सरोवराचं संगणकावर मॉडेल केलं: दोन मीटर खोल पाणी, किनाऱ्याला एक वळण, ताशी साधारण १०० किलोमीटरचा पूर्वेचा वारा १२ तास, आणि ३-४ किलोमीटर लांबीची वाट चार तास उघडी. दोन्ही बाजूंना पाणी राहतं हे त्यातलं विशेष, म्हणजे 'उजवीडावीकडे भिंतीसारखं' याच्याशी जुळणारं.

आता तिथे एक व्यवहारी अडचण. पूर्वेचा वारा म्हणजे पूर्वेकडे चालणाऱ्याच्या थेट तोंडावर. ताशी १०० च्या वाऱ्यात म्हातारी माणसं, पोरं, शेळ्यामेंढ्या घेऊन चालून दाखवा. कदाचित शेवटी वारा पडायला लागला तेव्हा निघाले असतील. तरी मॉडेलने 'हे शक्य आहे' एवढंच सिद्ध होतं, 'इथेच झालं' हे नाही, आणि पेपरवाल्यांनी मथळे मात्र दुसऱ्या प्रकारचे छापले.

९. नुवेबाला समुद्राखाली रथाची चाकं सापडली ना? फोटो आहेत!

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. दावा रॉन वायट या अमेरिकन माणसाचा, पेशाने भूल देण्याच्या कामातला नर्स, पुरातत्त्वज्ञ नाही. १९७८ पासून त्याने अकाबाच्या आखातात बुड्या मारल्या आणि गोल आकाराच्या प्रवाळांचे फोटो दाखवले. एकही चाक आज कुठल्या संग्रहालयात तपासायला ठेवलेलं नाही, लाकडाचा तुकडा नाही, काळ ठरवणारी चाचणी नाही. प्रवाळ गोल वाढतात, चाकासारखे दिसणारे पाहिजे तेवढे मिळतील. आणि तो दुसरा फॉरवर्ड, 'फारोच्या सैन्याची हाडं सुएझच्या आखातात सापडली' वाला, तो २०१४ मध्ये एका विडंबन साइटवर छापलेला विनोद होता, लोकांनी बातमी समजून पसरवला.

चाकं बाजूला ठेवू. जागाच बघा. नुवेबापासून सौदी किनारा पंधरा किलोमीटरच्या आसपास आणि मधली खोली सात-आठशे मीटर, ही 'पाण्याखालची सपाट वाट' कशी काय म्हणतात कोण जाणे. कंतीरपासून नुवेबा सरळ रेषेतच साडेतीनशे किलोमीटरच्या जवळ, वाटेत डोंगर आणि वाळवंट, आणि निर्गममध्ये समुद्राच्या आधी फक्त सुक्कोथ आणि एथाम हे दोन मुक्काम नावानिशी. चमत्कार मानणारा म्हणेल देवाला खोलीचं काय. मान्य! पण मग बायबलच काय म्हणतं ते ऐका: समुद्राआधी ते एथामला, रानाच्या कडेला होते, आणि ओलांडल्यावर तीन दिवस एथामच्याच रानातून चालले (गणना ३३:८). निर्गम १५:२२ त्याला शूरचं रान म्हणतं, आणि शूर मिसरासमोर आहे असं उत्पत्ती २५:१८ सांगतं. म्हणजे पाणी ओलांडलं तरी अजून मिसराच्या दारातच आहेत. सौदीत उतरले असते तर ही दोन वचनं कुठे बसवणार? नुवेबावाल्यांचं खरं भांडण विज्ञानाशी नाही, गणना ३३ शी आहे.

१०. पण पौलाने सीनाय पर्वत अरबस्तानात आहे असं लिहिलंय, मग अकाबाच ओलांडलं असणार ना?

प्रेषित पौलाच्या पत्रातलं ते वचन म्हणजे गलती ४:२५, आणि हा पर्वत म्हणजे मोशेला दहा आज्ञा मिळाल्या तो. पहिली गोष्ट, त्या काळी अरबस्तान हे नाव सिनायच्या भागालाही लागू व्हायचं. दुसरी गोष्ट, समजा पर्वत सौदीतला जबल अल-लौझ आहे असं क्षणभर धरलं, मोशे आधी जिथे राहिला होता ते मिद्यान तिकडेच होतं म्हणून ही कल्पना अगदीच हास्यास्पद नाही, तरी तळी इजिप्तच्या सरहद्दीवर ओलांडून, सिनाय पायी पार करून, अकाबाच्या टोकाला वळसा घालून तिकडे जाता येतंच की. पर्वत कुठे आणि समुद्र कुठे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची गाठ मारली की दोन्ही बिघडतात. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ कॉलिन हम्फ्रीज यांनी समुद्र अकाबाच्या वरच्या टोकाला ओलांडला असं मांडलंय, तिथे पाणी तरी उथळ होत जातं आणि १ राजे ९:२६ बाजूने येतं. नुवेबापेक्षा ही मांडणी शंभर पटीने प्रामाणिक, पण एथामची अडचण तिलाही आहेच.

११. बार्डाविल सरोवराचं काय? तिथे तर जुन्या काळी सैन्य बुडाल्याची नोंद आहे

हो, जुना ग्रीक इतिहासकार डिओडोरसने लिहिलंय की तिथल्या वाळूखालच्या दलदलीत अख्ख्या फौजा गडप झाल्या. १९३२ मध्ये ओटो आइसफेल्ट या जर्मन विद्वानाने बाल-सफोन तिथल्या कासिऑस टेकडीवर बसवलं आणि ही थिअरी गाजली. समुद्र आणि सरोवर यांच्या मधली वाळूची चिंचोळी पट्टी, मागून लाट, चित्र झकास जमतं. पण ही सरळसरळ टाळलेली उत्तरेची वाट, आणि तिथल्या टेकडीवरचे अवशेष बरेच नंतरच्या काळातले. आज फारसं कोणी हिच्या मागे नाही.

१२. सांतोरिनीच्या ज्वालामुखीची त्सुनामी असेल का?

नाही. तो स्फोट इ.स.पू. १६०० च्या आसपासचा. निर्गमसाठी साधारण दोन तारखा चर्चेत असतात, १ राजे ६:१ मधल्या ४८० वर्षांवरून १४४६, नाहीतर रामसेस दुसऱ्याचा काळ १२७९ ते १२१३. दोन्हींशी जुळत नाही. शिवाय त्सुनामीत पाणी मागे जातं ते काही मिनिटं, रात्रभर नाही.

१३. फारोच्या ममीत मीठ सापडलं म्हणजे तो बुडून मेला, खरं ना?

ममी बनवताना प्रेत नॅट्रॉन नावाच्या क्षारात सुकवायचे, त्यामुळे मीठ सगळ्याच ममींत सापडणार. बायबल फारोचं नावही देत नाही. रामसेस दुसऱ्याचा मुलगा फारो मर्नेप्ताह याच्याबद्दल हा दावा जास्त फिरतो, पण त्याच्याच इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात 'इस्राएल' हे लोक कनानात आधीच दिसतात.

१४. सहा लाख पुरुष असतील तर ही तळी पुरतील का?

निर्गम १२:३७ चा आकडा जसाच्या तसा धरला तर बायकापोरांसकट वीस लाखांवर जातात आणि मग कुठलीच जागा पुरत नाही, चार तासांची वाट (प्र. ८) तर मुळीच नाही. हिब्रूतला 'हजार' हा शब्द कुळ किंवा तुकडी अशा अर्थानेही येतो म्हणून बरेच जण संख्या काही हजारांत आणतात. मोठा आकडा हवा म्हणून मोठा समुद्र शोधायचा, हा मात्र उलटा कारभार झाला.

१५. आपल्या बेने इस्राएल लोकांकडे जागेबद्दल काही सांगितलेलं आहे का?

बेने इस्राएल म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे यहुदी. मिसरातून सुटल्याच्या सणाला, वल्हांडणाच्या रात्री, ते जी हग्गादा नावाची पोथी वाचतात ती मराठीत मुंबईला १८४६ मध्ये आणि पुण्याला १८७४ मध्ये छापली गेली. पण हग्गादाला जागेचं पडलेलंच नाही. तिथे रब्बींचा म्हणजे यहुदी धर्मगुरूंचा वाद आहे तो समुद्रावर पीडा किती आल्या याचा. एक म्हणतो ५०, दुसरा २००, अकिवा म्हणतात २५०.

१६. गणना ३३ मध्ये समुद्र ओलांडून पुढे गेल्यावर परत तांबड्या समुद्राजवळ तळ दिलाय. हे कसं?

बारकाईने वाचलंत, शाब्बास. ३३:८ मध्ये ओलांडलं ते नुसतंच 'समुद्र', मग मारा, मग बारा झरे आणि सत्तर खजुरांचं एलीम, आणि ३३:१० मध्ये याम सूफजवळ मुक्काम. तळीवाले म्हणतात बघा, ओलांडलेलं पाणी वेगळं आणि हे सुएझचं आखात वेगळं, त्याच्या पूर्व काठाने दक्षिणेला जाताना लागलेलं. अकाबावाल्यांना हे वचन अडचणीचं, कारण एकदा पलीकडे उतरल्यावर पुन्हा त्याच आखाताला मुक्काम का? ते म्हणतात सौदी किनाऱ्याने खाली उतरले. पण निर्गम १५:४ मधलं गीत बुडालेल्या सरदारांना याम सूफमध्येच बुडवतं, म्हणजे तळीवाल्यांनाही एकच नाव दोन पाण्यांना लावावं लागतं. १ राजे ९:२६ धरलं तर तीन पाण्यांना. सुएझचं टोक (प्र. ५) मानणाऱ्यांना ओलांडण्यासाठी आणि मुक्कामासाठी एकच पाणी पुरतं, या एका मुद्द्यावर त्यांची बाजू माझ्यापेक्षा वरचढ आहे.